कोरडा पैलवान

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटू नयेच. मला स्वतःलासुद्धा सकाळी उठल्या उठल्या खरं वाटत नाही. दुपारचा तिसरा पेला चहा पोटात गेला की वाटायला लागतं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटी असा मुलगा जन्मला की ज्याच्या अंगातून जन्मात घामाचा थेंब आला नाही, आणि तरी तो आमच्या गावाचा पहिल्या नंबरचा पैलवान झाला. अख्ख्या सेनेगलात असा दुसरा नाही.

"आहे ना," सेमू म्हणाला. "तो बघा, टबात बसलाय."

विहिरीपाशी प्लास्टिकच्या टबात जोगोय बसला होता. अकरा वर्षांचा पोरगा, सदऱ्यासकट पाण्यात, पुढचे दोन टोकदार दात दाखवत बकरीला काहीतरी समजावून सांगत होता. सेमू त्याचा मामा. आणि सेमू माझ्या त्याच बहिणीच्या मुलीचा मुलगा. आमच्यात मूल बापाच्या घरी वाढो नाहीतर आणखी कुठे, त्याचं बरंवाईट मामाला विचारतात. म्हणून तर सेमू भर दुपारी गोरखचिंचेखाली माझ्यासमोर शेगडी घेऊन बसला होता, चहा उकळत होता, आणि तोंड असं केलं होतं की जणू उंटाने लिंबू चावलंय.

गोष्ट अशी होती. चार दिवसांनी लहान पोरांच्या कुस्त्या. जोगोयला उतरायचंच होतं. तालमीच्या म्हाताऱ्यांनी खाडीपलीकडचा भगत बोलावला होता. आमच्याकडे भगताशिवाय आखाड्यात शेरडूसुद्धा उतरत नाही. हा भगत सकाळी पोरांना मंतरलेली अंघोळ घालणार, ती अंगावर वाळू द्यायची, आणि मग सूर्य मावळेपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही.

"पाणी लागलं की मंतरलेलं उतरतं," सेमू म्हणाला.

"आणि नाही लागलं की?"

"की जोगोय जातो." त्याने चहा एका पेल्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतला. "आजोबा, तुमच्यावर हीच वेळ आली होती ना? लातिरमामाच्या वेळी? तुम्ही नक्की काय केलंत ते मला नीट सांगा. फुलं न लावता."

"मी कधी फुलं लावतो का?"

मी बाजूला पाहिलं. माझी थोरली बहीण तेनिंगआक्का झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती, मांडीवर शेंगांची टोपली, डोळे मिटलेले. ऐंशी उलटली तिची. ती जागी असली की माझ्या गोष्टी आखूड होतात. चांगली झोपलेली दिसली, तशी मी मांडी घातली.

लातिर जन्मला तेव्हा डोक्यावर केस नव्हते. सुईण म्हणाली, येतील. दात वेळेवर आले नाहीत. सुईण म्हणाली, येतील. आले, पण मोजून दोन, मगरीच्या पिल्लासारखे. भुवया म्हणशील तर उजवीकडे तीन केस, डावीकडे दोन. त्या पाचांना आम्ही नावं ठेवली होती. घाम आला नाही हे मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही. घाम येत नाही म्हणून बाळाचं कौतुक कोण करतं? आक्का उलट खूश होती, की पोराचे कपडे वासत नाहीत.

मग तीन वर्षांचा असताना, कापणीच्या दिवसांत, शेताच्या बांधावर खेळता खेळता पोरगं निखाऱ्यासारखं तापलं. डोळे फिरवले. सगळे म्हणाले, हिवताप. पाला वाटून पाजला, धुरी दिली, वर दोन गोधड्या घातल्या.

"गोधड्या?" सेमू किंचाळला.

"तेव्हा आम्हाला काय ठाऊक! गोधड्यांनी तो आणखी तापला. शेवटी आक्काने गोधड्या भिरकावल्या आणि पोराला उचलून पिण्याच्या पाण्याच्या रांजणात बसवलं. गळ्यापर्यंत. सासू ओरडतेय, पाणी बाटलं म्हणून, आणि पोरगं आत बसून डोळे उघडतंय."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिथली नर्स काडीसारखी बाई होती. तिने लातिरच्या पाठीवर तळवा ठेवला. बाहेर असा उन्हाळा की सरडे एकमेकांच्या सावलीत उभे, आणि पोराची पाठ ढोलाच्या कातड्यासारखी कोरडी. मग तिने आक्काला पाठ दाखवायला सांगितली. आक्काची पाठ इथे ओली, तिथे कोरडी, नकाशा काढल्यासारखी. नर्स म्हणाली, "बाई, हे तुमच्याकडूनच आलंय. तुम्हाला थोडं, त्याला पुरतं. माणूस घामाने निवतो. ह्याला ती सोयच नाही. ह्याचा घाम आता तुम्ही व्हायचं."

आणि तिने बोटांवर मोजून सांगितलं. सदरा ओला ठेवा. सावलीत ठेवा. वारा घाला. पळायचं तर पहाटे, आणि थोडं थोडं. डोकं दुखतंय म्हणाला, पाय भलतीकडे पडायला लागले, किंवा नेहमीसारखं बोलेनासा झाला, तर तिथल्या तिथे थांबवायचं, अंगभर पाणी घालायचं आणि इकडे घेऊन यायचं. थांबून बघू, असं म्हणायचं नाही.

"हे मला पाठ आहे," सेमू म्हणाला. "जोगोयलाही हेच सांगितलंय. पुढचं सांगा."

पुढचं म्हणजे पोरगा वाढला. उन्हातून आला की त्याच्या पोटावर शेंगा ठेवाव्यात, भाजून निघत. एकदा कोंबडी त्याला चिकटून निजली, सकाळी उकडलेलं अंडं दिलं.

"मीठ लावलेलं?"

"मीठ आपलं आपण लावायचं. इतकी का लाडावून ठेवायची कोंबडी?"

आता असा पोरगा पैलवान झाला कसा? विहिरीमुळे. दिवसभर ओलं राहायचं म्हणजे पाणी हवं, आणि आपली विहीर तीस पुरुष खोल. चाळीस बादल्या रोज त्याच्या त्यानेच ओढायच्या. पंधराव्या वर्षी त्याचे खांदे असे झाले की दारातून आडवं शिरावं लागे. आणि पकड! बाकीचे पैलवान दोन मिनिटांत घामाने निथळतात, हात सटकतात. ह्याचे हात शेवटपर्यंत कोरडे. लंगोटाला एकदा धरलं की समोरच्याला वाटे आपल्याला फणसाच्या चिकात उभं केलंय.

"आजोबा, आपल्याकडे फणस कुठे असतो?"

"ऐकलेला आहे मी. मध्ये बोलू नकोस."

तालीम सूर्य उगवायच्या आधी. दोन झटापटी झाल्या की बसायचं, डोक्यावर पाणी. आक्का तेलाचा पिवळा डबा पाण्याने भरून उभी असे, त्याच्याकडे बघत, दूध उतू जाईल का म्हणून बघतात तशी. पोरगा एरवी अखंड बडबड्या. जरा गप्प झाला की डबा रिकामा. तालमीतली पोरं हसायची, "लातिर, तुझी आई आली पाऊस घेऊन!" तो म्हणायचा, "या ना तुम्हीपण खाली, तुमचा वास तरी जाईल."

पण कुस्तीच्या दिवसाची गोष्ट वेगळी. त्या दिवशी बाईने पैलवानाला हात लावायचा नाही, त्याच्या लंगोटाला नाही, त्याच्या पाण्याला नाही. बायकांनी समोरच्या अंगाला बसून गाणी म्हणायची. आईलासुद्धा सूट नाही. म्हणून त्या सकाळी आक्काने डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "जिलान, आज त्याचा घाम तू." मी आईची शपथ घेतली.

आणि मी गाढव! खाडीपलीकडचा भगत आणायला होडीतून गेलो होतो तोही मीच, पांढरा कोंबडा काखेत घेऊन. नऊ वर्षं आपल्या गावाने बक्षिसाचा बैल जिंकला नव्हता. भगत म्हणाला, अंघोळ अंगावर वाळेल, आणि शेवटचा गडी पडेपर्यंत वर पाणी नको. मी म्हटलं, बरं. त्याच्यापुढेही आईची शपथ घेतली. कुठल्या आईची, ते आता आठवत नाही.

सेमू हसला नाही. चहा उतू चालला होता, तो त्याने खाली उतरवला.

"म्हणजे तुम्ही दोघांनाही हो म्हणालात."

"मामा माणूस. सगळ्यांना हो म्हणायची सवय असते."

तो दिवस! ऊन असं की सावल्या झाडाखालून बाहेर यायला तयार नव्हत्या. बैल खुंट्याला, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू. भगताने दूध, राख, साली, मुळ्या असं काहीतरी अंगभर थापलं, त्याची खपली धरली. वर अकरा चामडी ताईत: दंडाला, कमरेला, गुडघ्याला. अंगाला वारा लागायला बोटभर जागा नाही. आणि मग आखाड्याला तीन फेऱ्या, ढोलाच्या तालावर नाचत, स्वतःची तारीफ गात. लातिरची तारीफ लांबलचक असे. एकेका भुवईच्या केसावर एकेक कडवं.

पहिली कुस्ती त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत मारली. दुसरी लांबली. दोघं कपाळाला कपाळ लावून उभे, एकमेकांच्या लंगोटात हात, आणि ढोलवाल्यांचे हात दुखून आले तरी कुणी हलेना. शेवटी समोरचा पडला. लातिर माझ्याशेजारी येऊन बसला. मी डबा मांडीजवळ ठेवला होता.

म्हणाला, "मामा, पाणी."

पिऊ नको असं भगत म्हणाला नव्हता. मी प्यायला दिलं. घटाघटा प्यायला.

"अंगावर?"

"जरा थांब भाच्या. एकच राहिली. बिराम तर आहे, त्याच्या गुडघ्यात काय जीव आहे?"

समोर म्हातारे रांगेत बसले होते. सगळ्यांचे डोळे माझ्या डब्यावर. मी त्यांच्याकडे बघून हसलो.

थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, डोकं दुखतंय."

मग काहीच म्हणेना. तो! ज्याचं तोंड झोपेतही बंद नसे. ढोल वाजला, बिरामने वाळू कपाळाला लावली, आणि आपला लातिर उठून चालायला लागला तो सरळ बैलाकडे. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. बैलापुढे वाकला, हात हातात घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, "काय पाव्हणं, बायकामुलं बरी आहेत ना?"

सगळा आखाडा हसला. लोकांना वाटलं, बिरामला चिडवतोय. म्हणाले, काय हुशार पोरगा! मी हसलो नाही.

"आणि मग?" सेमू पुढे सरकला. विहिरीपाशी जोगोयने स्वतःच्या डोक्यावर डबडं पालथं केलं, बकरी पळाली.

"मग त्याचे गुडघे गेले. ढोलवाल्यांच्या मागे घोडागाडी उभी होती. तिच्या आडोशाला त्याला ओढलं. अंगाला हात लावला तर चुलीतलं लाकूड! ढोल बंद, धूळ अशी उडालेली की कोण कुठे ते दिसेना. म्हातारे ओरडतायत, 'जिलान, पाणी लावू नकोस! जिलान, बैल जाईल!' मी म्हटलं, जाऊ दे बैल! जाऊ दे भगत! झाकण उपटलं आणि अख्खा डबा त्याच्यावर ओतला."

इथे मी थोडा थांबलो. ह्या जागी थांबतोच.

"चर्र झालं, सेमू. तापल्या तव्यावर होतं तसं. वाफ अशी उठली की गाडीचा घोडा शिंकला. पांढरा ढग होऊन वर गेली, खाडी ओलांडून बिरामच्या गावावर थांबली, आणि ऐन कोरड्या दिवसांत तिथे तीन दिवस पाऊस पडला. त्यांच्या शेंगांचे ढीग भिजले. अजून बोलत नाहीत ते लोक आपल्याशी."

"बरं," सेमू म्हणाला. ढगाबद्दल त्याला काहीच विचारायचं नव्हतं. "मग?"

"ताईत सगळे कापून काढले. डोक्याच्या फडक्याने वारा घातला, हात मोडेपर्यंत."

"कुणाच्या फडक्याने? तुम्ही तर टोपी घालता."

"असेल कुणाचं तरी. तिथे काय नावं विचारत बसायची? बाकीच्यांनी विहिरीवरून बादल्या आणल्या. तीन बादल्या झाल्यावर पोराने डोळे उघडले. विचारलं, 'मी पडलो का?' म्हटलं, नाही रे, तुला कुणी पाडलंच नाही. मग त्याच गाडीत घालून, ओल्या गोणपाटाखाली, दवाखान्यात नेला. दोन दिवस होता तिथे. नर्सने मला असं झापलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं."

बैल गेला. न लढता बिरामला मिळाला. शहाणा गडी तो, नेताना मान खाली घालून नेला. गावाने मला वर्षभर जेवणाच्या परातीशी बसू दिलं नाही. मी घराच्या मागे एकटा बसून बाजरीच्या कण्या खायचो. भगताने निरोप पाठवला की आता ह्या माणसाला पोरंबाळं व्हायची नाहीत. नऊ झाली.

आणि लातिर? तुम्हाला काळजी वाटली असेल म्हणून सांगतो. तो आज मासळीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मुकादम आहे. बाकीचे कुडकुडत लाद्या ओढतात, हा उघड्या अंगाने शिट्टी वाजवत फिरतो. सकाळ-संध्याकाळ अजून कुस्ती शिकवतो पोरांना, समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं करून.

सेमूने तिसरा पेला भरला, भरपूर साखरेचा, आणि माझ्यापुढे ठेवला. त्याच्या तोंडावरचं लिंबू उतरलं होतं.

"तुम्ही होतात म्हणून वाचला लातिरमामा."

"आता काय सांगायचं."

"नाही, खरंच. मी चार रात्री झोपलो नाही, आजोबा. म्हाताऱ्यांना कसं सांगू, की भगताची अंघोळ जोगोयला नको? सगळी तालीम अंगावर येईल. म्हणतील, हरलो तर तुझ्यामुळे. आता मी काही बोलत नाही. अंघोळ होऊ देतो. डबा घेऊन शेजारी बसतो, आणि वेळ आलीच तर उठतो."

"उठशीलच," मी म्हणालो. चहा खरोखर छान झाला होता. "मामाचे पाय असतात ते. आपोआप उठतात, डोक्याला विचारत नाहीत."

"खोटं."

शेंगा सोलल्याचा आवाज केव्हापासून येत होता कोण जाणे. आक्काचे डोळे अजून मिटलेलेच होते, बोटं मात्र टोपलीत चालत होती.

"आक्का, तू झोप."

"ढग झाला, अंडं झालं, घोडा शिंकला, मी काही बोलले का? वर्षानुवर्षं बोलले नाही. त्या दिवशी गावाने विचारलं, पाणी कुणी ओतलं, तेव्हा हा पुढे होऊन म्हणाला, मी. माझा हात लागलाय असं कळलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं, म्हणून म्हणाला. वर्षभर मागच्या अंगणात एकटा जेवला, ते माझ्यासाठी. ते मी विसरले नाही, जिलान." तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे नाही, सेमूकडे पाहिलं. "पण तू आज जाऊन त्या म्हाताऱ्यांना सांग की पोराला अंघोळ नको. आजच सांग. त्या दिवसावर ठेवू नकोस. पोरगं ह्याच्या पायाशी पडलं होतं, आणि हा डब्यावर बसला होता. दोन्ही हात झाकणावर, नजर म्हाताऱ्यांकडे. मी बायकांतून उठून धुळीतून पळत आले, ओरडले, तरी उठला नाही. ह्याला मी ढकलून डब्यावरून खाली पाडला, तेव्हा कुठे मला झाकण उघडता आलं."